राखेच्या बुधवारचा फडा

मी बारा वर्षांचा असताना आमच्या गावातल्या समस्त कॅथलिकांच्या कपाळाला घर झाडायच्या फड्याची राख लागली, आणि ती माझ्यामुळे लागली. समस्त म्हणजे नऊ घरं. (दहावं घरही होतं, पण ती मंडळी त्या दिवशी पूर्णेला लग्नाला गेली होती. वाचली.)

गाव बोरी. आम्ही कॅथलिक होतो, पण बेताचे. जेवणाआधी प्रार्थना व्हायची ती फक्त मटण असेल तेव्हा. वांग्याच्या भाजीबद्दल देवाचे आभार मानायला पप्पांना कधी कारण सापडलं नाही! दिवाळीला आमच्याकडेही चिवडा व्हायचा, नाताळला करंज्या व्हायच्या. भिंतीवर येशूची तसबीर होती आणि तिच्या मागे लाईटबिलं खोचलेली असायची. फादर डॉमनिक परभणीहून पंधरा दिवसांतून एकदा मोटारसायकलवर मिस्सा (म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना) करायला यायचे. पाऊस असला की यायचे नाहीत, आणि मग आम्ही मनापासून देवाचे आभार मानायचो.

एवढ्यावर आमचं उत्तम चाललं असतं. पण दोन घरं सोडून मार्थामावशी राहायची, आणि मार्थामावशीला सिरिल होता.

सिरिल माझा मावसभाऊ, माझ्याच वयाचा. मी पीटर, पण अख्खं गाव मला पिट्या म्हणायचं. सिरिलला सिरिल्या म्हणायची कुणाची छाती झाली नाही! त्याच्या भांगाची रेघ पट्टीनं आखल्यासारखी असायची. तो फादरांचा वेदीसेवक होता. म्हणजे पांढरा झगा घालून वेदीजवळ उभं राहायचं, फादरांना काय हवं-नको ते द्यायचं आणि योग्य वेळी घंटी वाजवायची. त्या घंटीपायी मी किती जळलोय हे माझं मला माहीत. एकदा सिरिलला ताप आला म्हणून ती मला मिळाली. मी ती अशा वेळी वाजवली की सगळे लोक नको तिथं गुडघ्यावर बसले आणि आता उठावं की नाही हे कुणालाच कळेना. पप्पा तर मिस्सा संपेपर्यंत उठलेच नाहीत. त्यानंतर सिरिलला कधी ताप आला नाही.

‘‘त्या सिरिलला बग,’’ हे आईचं दिवसातून चार वेळा घ्यायचं औषध होतं. ‘‘त्ये पोरगं कसं गपगुमान बसतंय. न्हाईतर तू! मिस्सा चालू आन तू नाकात बोट घालायलास!’’

‘‘त्यो पन घालतो. झग्याच्या बाहीआड घालतो.’’

‘‘बाहीआड घालतो ना? तेवढी तरी अक्कल हाय त्याला!’’

अशा परिस्थितीत देवानं (तेव्हा होता तो) माझ्यावर एकदाच कृपा केली. झावळ्यांच्या रविवारी समुद्राकडचे लोक माडाच्या झावळ्या हातात घेऊन मिरवणूक काढतात. आमच्याकडे माड कुठला? आम्ही ओढ्याकाठच्या शिंदीची पानं तोडून आणायचो. फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडायचे, आणि ती हातात धरून आम्ही चर्चला (म्हणजे पत्र्याच्या एका खोलीला) फेरी मारायचो. नंतर त्या पानांची मोळी वर्षभर जपून ठेवायची. पुढच्या वर्षी उपवासाचे चाळीस दिवस ज्या बुधवारी सुरू होतात, त्या राखेच्या बुधवारी तीच पानं जाळायची आणि ती राख सगळ्यांनी कपाळाला लावून घ्यायची. आपण मेल्यावर माती होणार, याची आठवण राहावी म्हणून.

ही मोळी दरवर्षी अर्थातच सिरिलच्या घरी असायची. चर्चमध्ये वाळवी होती. पण त्या वर्षी मार्थामावशीच्या घराचे पत्रे बदलायला काढले होते. फादर डॉमनिक दक्षिणेकडचे, त्यांचं मराठी पुस्तकातलं. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

‘‘पीटर बाळ, ही पवित्र जबाबदारी तू स्वीकारशील काय?’’

मी स्वीकारली! सिरिलचं तोंड उतरलं होतं. ते तोंड मला आजही आठवतं आणि आजही बरं वाटतं. मोळी एका पोत्यात घातली, पोतं आमच्या माळ्यावर चढवलं, आणि त्यानंतर सहा महिने मी दर आठवड्याला सिरिलला गाठून बातमी द्यायचो.

‘‘झावळ्या बऱ्या हायेत बरं का.’’

‘‘मी इचारलं का?’’

‘‘न्हाई, म्हणलं तुला फिकर आसंल.’’

(माळ्यावर चढून मी त्या एकदाही बघितल्या नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.)

मग दिवाळी जवळ आली. आईनं घर उपसून अंगणात काढलं. नेमकं त्याच सकाळी फादरांनी जाहीर केलं होतं, की पुढच्या मिस्सेला सिरिल बायबलातला शास्त्रपाठ वाचणार. मोठ्या माणसांसारखा, पुढं उभा राहून! आई म्हणाली, माळ्यावरचं सगळं खाली टाक. मी टाकलं. काय टाकलं ते बघण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

तेवढ्यात फडे वळणारी गयाबाई दारात आली. दिवाळीच्या तोंडावर तिला उसंत नसायची, कारण लक्ष्मीपूजनाला घरोघरी नवा फडा लागतो.

‘‘शिंदी हाय का व घरात? तुमची शिंदी आसंल तर चार फड्यांतला एक माझा, तीन तुमचे.’’

आईनं पोत्यात डोकावून बघितलं. वाळलेली, खडखडीत, उत्तम शिंदी! पप्पांनीच कधीतरी आणून टाकली असणार असं तिला वाटलं. गयाबाई अंगणात बसली. आणि तिच्या शेजारी बसून एकेक पान चिरून तिच्या हातात कोण देत होतं? मी! दोन तास मी ती पानं चिरत होतो आणि गयाबाईला सिरिलबद्दल सांगत होतो. तो किती आगाऊ आहे, त्याला वाचता तरी येतं का, फादर नेहमी त्यालाच का पुढं करतात, सगळं.

‘‘लय जळायलास रं लेकरा,’’ गयाबाई फडा आवळत म्हणाली. ‘‘जरा बारीक चिर.’’

सिरिलच्या पुढं नेणारी एकुलती एक गोष्ट माझ्याकडं होती, आणि सिरिलला नावं ठेवता ठेवता मी ती माझ्या नखांनी फाडली. बारीक चिरून.

चार फडे झाले. एक गयाबाईनं नेला. एक आमच्या घरात, एक अंगणात. आणि चौथा आईनं शेजारच्या द्वारकाकाकूंना दिला, पूजेसाठी. काकूंकडे सात-आठ शेळ्या होत्या आणि त्यांच्या दुधाचा चहा आम्हाला अधूनमधून फुकट मिळायचा. बरोबरीचा व्यवहार झाला असं आईला वाटलं.

फेब्रुवारीत फादर आले आणि मिस्सेनंतर म्हणाले, ‘‘बुधवारी राखेचा विधी आहे. पीटर, झावळ्या सुरक्षित आहेत ना?’’

‘‘हौ फादर!’’ मी छाती फुगवून म्हणालो आणि सिरिलकडे बघितलं. घरी येऊन माळ्यावर चढलो. माळ्यावर एक पेटी होती, फुटका कंदील होता, आणि पोत्याच्या जागी पोतं नव्हतं.

पहिल्यांदा मला वाटलं, सिरिलनं चोरलं. (हा विचार किती सुखाचा होता!) मग मी खाली बघितलं. आई खालची जमीन झाडत होती. मी तिच्या हाताकडे बघितलं. मग फड्याकडे बघितलं. माळ्यावरून मी उतरलो की पडलो ते आता नक्की सांगता येत नाही.

‘‘माय, त्या पोत्यातली शिंदी...’’

‘‘कोनतं पोतं?’’

‘‘फादरांनी दिल्ती ती!’’

आईचा हात थांबला. ती फड्याकडं बघत राहिली. मग तिनं तो हळूच, एखाद्या बाळाला ठेवावं तसा, कोपऱ्यात टेकवला. ‘‘आरं देवा! ती ती व्हती व्हय? आन मी तिच्यानं मोरी झाडली!’’

आम्ही दोघं खाली बसलो. नवी शिंदी आणावी तर ती ओली, शिवाय तिच्यावर फादरांचं पाणी पडलेलं नाही. फादरांना खरं सांगावं तर पुढच्या वर्षी मोळी सिरिलकडं जाणार, आणि ‘‘त्या सिरिलला बग’’ हे औषध मला म्हातारपणापर्यंत लागू होणार. सांगायचं नाही, हे माझं लगेच ठरलं. नरकात जावं लागलं असतं तरी चाललं असतं. सिरिल तिथं येणार नव्हता, ही केवढी सोय!

शेवटी आईलाच अक्कल सुचली. ‘‘पिट्या, फडा झाला म्हनून काय झालं? पानं तीच हायेत ना? आशीर्वाद काय झाडल्यानं निघून जातो?’’

धर्मशास्त्रात याला उत्तर असेल, पण आमच्या मोरीजवळ कुणाकडं नव्हतं. फडाच जाळायचा ठरला. अडचण एवढीच होती, की घरातला फडा झिजून हातभर उरला होता आणि अंगणातला शेणसड्यानं भिजून काळा पडला होता. नऊ घरांच्या कपाळांना एवढ्यात भागेल का? द्वारकाकाकूंचा फडा मात्र कोरा होता. मी कुंपणावरून उडी मारली.

फडा देवळीत उभा होता. त्याला हळद-कुंकू लावलेलं, समोर फूल.

‘‘काकू, त्यो फडा वापस द्या की. आमी तुमाला दुसरा देतो.’’

काकूंनी असं बघितलं, जसं मी त्यांच्या गळ्यातलं डोरलंच मागितलं होतं. ‘‘लक्ष्मी वापस मागायलास? शुद्धीवर हाईस का? ही घरात आली आन माझ्या काळ्या शेळीला तीन पिल्लं झाली. तीन! आजवर कधी दोनाच्या वर गेली न्हाई ती. पोराचं बीएडला नाव लागलं. हिला मी हात लावू देईन व्हय?’’

पानं आमची! पाणी आमच्या फादरांचं! आणि पिल्लं यांना? माझ्या ताब्यात सहा महिने होती तेव्हा काय झालं माझं? गणितात सत्तावीस मार्क! आशीर्वादाचा पत्ता असा कसा चुकतो? (आमच्याकडं शेळी नव्हती, हे मान्य. पण द्यायचीच म्हटलं तर शेळीपासून देता आली असती.) त्या दिवशी देवाबद्दल माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. तो आहे की नाही ही नव्हे, तो नेमका कुणाच्या बाजूनं आहे ही.

‘‘आन राख करायलाव म्हनं तुमी,’’ मी निघालो तेव्हा काकू मागून म्हणाल्या. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती, सगळं ऐकू जायचं. ‘‘उरली तर चिमूटभर आन. शेळ्यांच्या कपाळाला लावते.’’

पानं एरवी फादरच चर्चमागं जाळायचे. पण त्यांच्या हातात फडा देणार कसा? मंगळवारी ते आल्याबरोबर मी पुढं झालो. ‘‘फादर, तुमाला तरास नको. मी राख करूनच आनतो.’’

फादरांचे डोळे पाणावले. ‘‘किती सेवाभावी मुलगा! सिरिल, पाहिलेस? याच्याकडून शिकण्यासारखे आहे.’’

सिरिलला माझ्याकडून शिकायला सांगितलं गेलं! बारा वर्षांत पहिल्यांदा! आनंदानं मी इतका बहकलो की घराऐवजी पोस्टाच्या दिशेनं निघालो. परसात आईनं दोन्ही फडे पेटवले. घरातला भडकन पेटला. अंगणातला पेटेचना, नुसता धुमसत राहिला आणि धुराला शेणाचा वास सुटला. पप्पा खोकत बाहेर आले, बघितलं, काही विचारलं नाही आणि परत आत गेले. संसारात त्यांना हे एक तंत्र साधलं होतं.

राख मी डब्यात घालून नेऊन दिली. फादरांनी ती सिरिलकडं दिली आणि फडक्यातून गाळायला सांगितली. म्हणजे शेवटचा हात पुन्हा त्याचाच! मी तेही पोटात घातलं.

बुधवारी पत्र्याची खोली भरली. मी मधल्या बाकावर बसलो होतो. सिरिल वेदीजवळ राखेची ताटली धरून उभा, पांढराशुभ्र. एकेक माणूस पुढं जायचा, फादर मातीची आठवण करून देऊन अंगठ्यानं त्याच्या कपाळावर राखेचा क्रूस काढायचे. मार्थामावशी गेली. ज्या फड्यानं आमची मोरी झाडली जायची तो तिच्या कपाळावर बसला. ती डोळे मिटून रडत परत आली. आई गेली. तिनं एवढ्या भक्तीनं मान खाली घातली, की घडलेलं ती खरंच विसरली असावी असं मला वाटलं. आता वीज पडेल, आता पत्रा उडेल, म्हणून मी वर बघत होतो. पत्रा जागच्या जागी होता. माझी पाळी आली तेव्हा बक्षीस म्हणून फादरांनी मला सगळ्यांपेक्षा मोठा क्रूस काढला.

बाहेर आल्यावर मावशी आईला म्हणाली, ‘‘औंदाची राख किती मऊ हाय गं! काय येगळंच वाटलं बग मनाला.’’

‘‘हां, हाय खरी,’’ आई म्हणाली आणि चालायचा वेग वाढवला.

काहीच झालं नाही! माझा छळ झाला तो त्यापायी. पुढची दोन वर्षं मी शिक्षेची वाट बघण्यात काढली आणि भीतीपोटी असा धार्मिक झालो की आई घाबरली. जपमाळ उशाशी घेऊन झोपायचो. शिक्षा येईना, तेव्हा हळूहळू धीर आला आणि मी प्रार्थनेत मागण्या सुरू केल्या. मागणी एकच होती, सिरिल एकदा तरी नापास व्हावा. पूर्ण नाही, एका विषयात. दहावीत तो शाळेत पहिला आला. बारावीत पहिला आला. मी मागणी खाली आणली, निदान दुसरा यावा. नाही! नऊ वर्षं मी मागत होतो. आंधळ्याला डोळे दे म्हणालो नव्हतो, समुद्र दुभंग म्हणालो नव्हतो. एवढं साधं काम ज्याच्याच्यानं होत नाही, तो असून काय उपयोग, असं वाटायला लागलं. पुढं परभणीला कॉलेजला आलो. एका रविवारी मिस्सा चुकली ती झोपेमुळे, दुसऱ्या रविवारी क्रिकेटमुळे, तिसऱ्या रविवारी कारण शोधायचंही राहून गेलं. पंचविशीत एकदा बस पंक्चर झाली, तेव्हा शेजारचा माणूस देवाचं नाव घ्यायला लागला आणि मी स्टेपनी शोधायला लागलो. तेव्हा कळलं, आपल्यात आता काही उरलेलं नाही.

थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कुणाच्या तरी नावानं गाऱ्हाणं करायची सवय होती, ती जागा रिकामी झाली. पण आत कुठंतरी गारगार वाटत होतं. कारण ही एक गोष्ट होती जी सिरिलला आयुष्यात जमली नसती! तो झग्यातला, घंटीतला माणूस. एवढा मोठा विचार स्वतःच्या डोक्यानं करायला धाडस लागतं, आणि ते माझ्यात निघालं होतं. दहा वर्षं मी हे गुपित जपलं. योग्य वेळी त्याच्या तोंडावर मारायचं म्हणून.

वेळ गेल्या वर्षी आली. सिरिल आता परभणीतच प्राध्यापक आहे. (आहेच!) त्याच्या नव्या घरी मी आणि बायको चहाला गेलो होतो. बायका स्वयंपाकघर बघायला गेल्या तशी मी खुर्ची पुढं ओढली.

‘‘सिरिल, एक सांगतो. धक्का बसंल तुला. मी देव मानत न्हाई.’’

त्यानं चहात बिस्कीट बुडवलं. ‘‘कवापासून?’’

‘‘दहा वर्षं झाली,’’ मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो.

‘‘हां,’’ तो म्हणाला. ‘‘मला तेवीस झाली.’’

बिस्कीट त्यानं नीट खाल्लं. माझं माझ्या कपात पडलं.

‘‘तू राख आनली व्हतीस बग,’’ तो म्हणाला. ‘‘मी गाळाया बसलो तर फडक्यावर तार राहिली. फड्याच्या मुठीला गुंडाळतेत ती, येटोळं तसंच्या तसं. एक नव्हं, दोन! मला सगळं कळलं. म्हणलं, आता बगू काय होतंय ते. तारा खिशात घातल्या आन ताटली धरून हुबा राहिलो. फादर फड्याची राख लावायलेत, माय रडायली, आन वर कुनाला काई पडलेलीच न्हाई! मिस्सा संपायच्या आत माझं निपटलं.’’

तेवीस वर्षं! पानं मी चिरली, राख मी नेऊन दिली, नरकाच्या भीतीनं दोन वर्षं जपमाळ मी कुरवाळली, आणि नास्तिक हा झाला! तेही अर्ध्या तासात, ताटली धरल्या धरल्या. मला तिथवर पोहोचायला तेरा वर्षं लागली होती.

‘‘मग बारावीपर्यंत झगा घालून घंटी कामून वाजवायचास?’’ माझा आवाज चिरका निघाला.

‘‘माय खुश व्हायची,’’ तो म्हणाला. मग जरा ओशाळून हसला. ‘‘आन तू मधल्या बाकावरून असा बगायचास ना माझ्याकडं... लय मजा यायची रं.’’

घरी येताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती गाडीवर मागं बसून इतकी हसली की मला दोनदा थांबावं लागलं. ‘‘आवो, देवच मानत न्हाई दोघं बी,’’ ती म्हणाली, ‘‘मग आता कशावरून जळायलाव?’’

तिला काय सांगणार? चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी विचार पक्का झाला. सोडण्यात तो पहिला आला, ठीक आहे. पण परत येण्यात? तिथं अजून मैदान मोकळं होतं! मी पांढरा शर्ट इस्त्री केला, रविवारी मिस्सेच्या अर्धा तास आधी परभणीतल्या चर्चला पोहोचलो आणि ताठ मानेनं आत शिरलो.

सगळं चर्च रिकामं होतं. फक्त पहिल्या बाकावर सिरिल बसला होता. मला बघून तो थोडा सरकला.

‘‘ये,’’ तो म्हणाला. ‘‘पंधरा मिनिटं झाली, तुजी जागा धरून बसलोय.’’